पाडण्यासाठीच बांधलेलं विमान

विमानविरोधी तोफांच्या सरावाला लक्ष्य म्हणून जे छोटं विमान उडतं, त्याचं एक मूळ हॉलिवूडमधल्या मॉडेल विमानांच्या दुकानात आहे. रेजिनाल्ड डेनी हा सिनेनट. पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांच्या रॉयल फ्लाइंग कोअरमध्ये होता. मॉडेलांचं वेड इतकं, की त्याने ते दुकानच थाटलं. १९३५ मध्ये रेडिओवर चालणारं विमान त्याने अमेरिकी लष्कराला दाखवलं. नमुने सुधारत कंत्राट मिळायला १९४० उजाडलं (लष्करी खरेदी सगळीकडे सारखीच!). महायुद्धात मग जवळजवळ १५,००० विमानं बनली.

मला कौतुक त्याच्या पॅराशूटचं. नेम चुकला, की विमान छत्रीला लटकून उतरायचं. मोडलेलं दुरुस्त करून पुन्हा उडवायचे. मॉडेलं आपटून-चिकटवून झालेल्या माणसालाच हे सुचावं. तोफचीचा नेम लागला, तर मात्र चिकटवायला फारसं काही उरत नसे.