सीता कुणाच्या मालकीची?

मंडळी, ‘फॅन फिक्शन’ हा शब्द नवा असला तरी उद्योग जुनाच आहे. दुसऱ्याच्या गोष्टीतली माणसं उचलायची आणि पुढचं आपण रचायचं. गवळणीतली मावशी कुठल्या भागवतात आहे, सांगा बरं? ती आपल्या तमाशानं घातलेली. सातारा-सांगलीच्या जत्रांत पिढ्यान्‌पिढ्या लोक तिच्यावर हसले, परवानगी कुणी मागितली नाही.

यात पैसा आला तो सांगलीत. कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ पाहून चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांना वाटलं, असं काहीतरी मराठीत व्हावं. काम विष्णुदास भाव्यांवर आलं आणि ५ नोव्हेंबर १८४३ ला ‘सीता स्वयंवर’ उभं राहिलं. गोष्ट रामायणातली, पदं भाव्यांची. पदं सूत्रधारानं म्हणायची. भाषणं मात्र लिहिलेलीच नसायची, राम-रावणाची सोंगं घेतलेल्यांनी ती आयत्या वेळी आपल्या मनानं ठोकायची. खर्च दरबाराचा, त्यामुळं हक्कबिक्क कुणाच्या डोक्यातच नव्हतं.

१८५१ साली आप्पासाहेब गेले आणि आश्रय आटला. पोटासाठी भावे मंडळी घेऊन बाहेर पडले. १८५३ मध्ये मुंबईत तिकीट लावून खेळ झाले, लोक आले. चालतंय म्हटल्यावर इचलकरंजीकर, आळतेकर, कोल्हापूरकर अशा कितीतरी मंडळ्या निघाल्या, त्याच पौराणिक गोष्टी घेऊन! भावे अडवणार कुणाला? सीता त्यांच्याही मालकीची नव्हती. मराठी नाटकाचा धंदा इतक्या झपाट्यानं पसरला तो माझ्या मते यामुळंच.

पुस्तकांतही तेच. सांगलीत जन्मलेल्या वि. स. खांडेकरांनी महाभारतातला ययाती घेतला, १९५९ मध्ये कादंबरी आली, पुढं १९७४ चं ज्ञानपीठ मिळालं. व्यासांच्या वारसांची सही आणायला कुणी गेलं नव्हतं.

ॲमेझॉननं २०१३ मध्ये नेमका उलटा डाव टाकला. दुकानाचं नाव ‘किंडल वर्ल्ड्‌स’. ‘व्हँपायर डायरीज’, ‘गॉसिप गर्ल’ असल्या गोष्टींच्या मालकांकडून परवाना घेतला आणि चाहत्यांना सांगितलं, लिहा, आम्ही विकतो. दहा हजार शब्दांपासून पुढच्या लिखाणाला मिळकतीच्या ३५ टक्के, छोट्याला २०. ऐकायला झकास! पण तुमच्या गोष्टीचे हक्क ॲमेझॉनकडं जाणार, आणि त्यात तुम्ही नवं पात्र काढलंत तर मूळ मालक ते वापरणार, तुम्हाला वेगळा पैसा न देता. म्हणजे मावशी तुम्ही घडवायची आणि फड दुसऱ्यानं लावायचा. २०१८ मध्ये दुकान बंद झालं. त्याआधी ‘फॅनलिब’चीही तीच गत, २००७ ला सुरू, २००८ ला कुलूप.

खरा गल्ला जमवला तो ‘फिफ्टी शेड्स’नं. ‘ट्वायलाइट’वरचं हे चाहतीचं लिखाण, लेखिकेनं पात्रांची नावं बदलली आणि स्वतंत्र कादंबरी म्हणून बाजारात आणलं. दहा कोटींच्या वर प्रती खपल्या. (वाङ्मयीन दर्जाबद्दल मी बोलत नाही, घरचे वाचतात ही पोस्ट.)

हे आत्ताच का सांगतोय? कराड-विट्याकडची कितीतरी पोरं मोबाईलवर कर्ण, शिवकाळ, टीव्ही मालिकांतली माणसं घेऊन भागामागून भाग लिहितात. चांगलं लिहितात. कर्ण सगळ्यांचा आहे, मालिकेतली सून नाही, हा फरक त्यांना कुणी सांगत नाही. आणि ‘मान्य आहे’ वर बोट टेकवण्याआधी दोन गोष्टी बघा: हक्क कायमचे जातायत की ठराविक वर्षांसाठी, आणि तुम्ही स्वतः घडवलेलं पात्र उद्या तुम्हाला दुसरीकडं वापरता येईल का. कळत नसेल तर कॉलेजातल्या सरांना, ओळखीच्या वकिलाला दाखवा. लाजायचं काय त्यात!

भाव्यांनी आपला ‘नाट्यकवितासंग्रह’ छापला तो १८८५ मध्ये, पहिल्या खेळानंतर बेचाळीस वर्षांनी. त्यांची पदं त्यामुळं राहिली. रावण झालेल्यानं आयत्या वेळी काय काय भाषणं ठोकली, ती गेली.