रान, शिवार, गाव आणि आमचं एक वावर

मागच्या भागात ऐतिहासिक कादंबऱ्यांवर बोललो, तेव्हा एका श्रोत्याने विचारलं होतं, "इंग्रजीत अमेरिकेच्या फ्रंटियरवरच्या प्रेमकथांचा ढीग पडलाय, तसं मराठीत काही आहे का?" फ्रंटियर म्हणजे वस्ती संपून रान सुरू होतं ती कड. मी आधी "नाही" असंच लिहिणार होतो. १८७१ साली पुस्तकरूपाने आलेल्या गुंजीकरांच्या 'मोचनगड'पासून आपली ऐतिहासिक कादंबरी बहुतेक गडावरच चढते. झाडं तोडून वावर करणारं जोडपं तिथे नायक-नायिका होत नाही.

मग आठवलं, आहे की! आणि तेही जी. ए. कुलकर्णींच्या हातचं.

धारवाडला कॉलेजात इंग्रजी शिकवणाऱ्या जीएंनी १९६०च्या दशकात कॉनरॅड रिक्टर या अमेरिकन लेखकाच्या पाच कादंबऱ्या मराठीत आणल्या. त्यातल्या तीन एकाच घराण्याच्या: 'रान', 'शिवार' आणि 'गाव'. मूळ पुस्तकं १९४०, १९४६ आणि १९५० सालची. तिसऱ्याला १९५१चं पुलित्झर मिळालं. जीए म्हटलं की आपल्याला 'काजळमाया' आठवते, ही पुस्तकं कुणी काढत नाही. मला 'रान' भेटलं ते इंजिनिअरिंगच्या सुट्टीत, रनाळ्याला, वीज गेलेली असताना.

गोष्ट अठराव्या शतकाच्या शेवटची. लकेट कुटुंब पेनसिल्व्हेनिया सोडून ओहायो नदीपलीकडच्या रानात शिरतं. बाप शिकारी, त्याला वस्ती वाढली की गुदमरायला होतं. आई क्षयाने जाते. धाकटी सुली गाई शोधायला गेलेली रानात हरवते, आणि तिला शोधायला गेलेला बापही घरी परतत नाही. उरते थोरली सेवर्ड. अक्षरओळख नाही, पण कुऱ्हाड चालवता येते.

आता प्रेमकथा. पोर्शियस व्हीलर हा पूर्वेकडून आलेला शिकलेला वकील, रानात एकटा राहणारा. दारूच्या भरात लोक त्याचं लग्न लावायला निघतात. जिच्याशी ठरवलेलं असतं ती ऐनवेळी नाही म्हणते, आणि सेवर्ड पुढे होते, मी करते म्हणते. गुलाबाची फुलं वगैरे काही नाही. पुढे मुलं होतात, एक मुलगी जळून जाते, नवरा शाळेतल्या बाईंच्या नादी लागतो, आणि तरी संसार चालू राहतो. मला हे 'रोमान्स' म्हणून पटतं, कारण इथे प्रेम म्हणजे एकमेकांशिवाय हिवाळा निघत नाही, इतकं साधं आहे.

जीएंची कमाल नावांत आहे. 'द फील्ड्स'चं त्यांनी 'शेतं' केलं नाही, 'शिवार' केलं. शिवार एकट्याचं नसतं, अख्ख्या गावाचं असतं. तो एक शब्द वाचला आणि ओहायो सरळ तापीकाठी आलं. सेवर्डच्या जागी मला माझी पणजी दिसायला लागली.

इथेच मी फसलो होतो. कारण ते रान रिकामं नव्हतं. तिथे शॉनी, लेनापे आणि इतर लोक राहत होते. १७८५च्या कायद्याने अमेरिकन सरकारने सहा-सहा मैलांचे चौकोन आखायला घेतले (ग्रिड, माझ्यातल्या इंजिनिअरला फार आवडतो), १७९५च्या ग्रीनव्हिलच्या तहात त्या लोकांना ओहायोचा मोठा भाग सोडावा लागला आणि १८०३ला ओहायो राज्य झालं. रिक्टरला हे ठाऊक होतं. हरवलेली सुली 'गाव'मध्ये पुन्हा भेटते, पण ती आता एका इंडियनची बायको असते आणि सख्ख्या बहिणींना ओळख देत नाही. 'रानातील प्रकाश'मध्ये तर लेनापेंत वाढलेल्या गोऱ्या मुलाला १७६४ साली सक्तीने परत आणतात, आणि शेवटी तो धड इकडचा राहत नाही, ना तिकडचा.

आता आमच्याकडे या. १८१८ला खानदेश इंग्रजांकडे गेला. १८२५ला भिल्ल एजन्सी निघाल्या, जेम्स आउटरॅमने भिल्ल पलटण उभी केली. डोंगरातल्या भिल्लांना जमीन, बैल, तगाई देऊन शेतीला बसवायचं, असं धोरण ठरलं. पण पुढे सावकाराच्या वहीतून आणि इतर वाटांनी त्यातली बरीच जमीन दुसऱ्यांच्या हाती गेली. १९७२ला शहाद्यात श्रमिक संघटना उभी राहिली ती याच जमिनींच्या आणि सालदारांच्या प्रश्नावर. १९७४चा कायदा आला: १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात बिगर-आदिवासीकडे गेलेली आदिवासींची जमीन परत करायची.

आमच्या घरात एका तुकड्याला अजून 'नायकाचं वावर' म्हणतात. आमच्यात नायक कुणी नाही. त्या सुट्टीत 'शिवार' मांडीवर ठेवून मी आजोबांना विचारलं, हा नायक कोण? ते सुपारी कातरत होते. म्हणाले, "जुनी गोष्ट शे ती. तू तुनं पुस्तक वाच."

आमच्या सालदाराचं घर भिलाटीत, त्या वावरापासून हाकेच्या अंतरावर. त्याला मी कधीच विचारलं नाही. आता आजोबा नाहीत, तो थकलाय, आणि मी पुण्यात बसून हे रेकॉर्ड करतोय. सातबारा ऑनलाइन दिसतो, पण त्यावर आत्ताचंच नाव. जुन्या फेरफार नोंदींसाठी तहसीलला अर्ज करता येतो. दिवाळीत गेलो की तो अर्ज करणार आहे. घरी अजून सांगितलेलं नाही. आई हे ऐकत असेल तर, आई, फोनवर बोलू.

'गाव'च्या शेवटी म्हातारी सेवर्ड अंगणात झाडं लावते. जन्मभर झाडांना वैरी समजलेली बाई. तो भाग दोनदा वाचा. पुस्तकं जुन्या वाचनालयात मिळतील, 'रान'पासूनच सुरुवात करा, मधलं उचलू नका. पुढच्या भागात जीएंनी केलेली रिक्टरची पाचवी कादंबरी, 'स्वातंत्र्य आलं घरा'. भेटू.