उन्हात वाळलं, पण विष गेलं का?

'डॉक्टर, कडक उन्हात वाळवलेलं सगळं निर्धोक असतं ना?' असं रुग्ण मला अनेकदा विचारतात. उत्तरादाखल मी त्यांना कसाव्याची गोष्ट सांगतो. कसावा म्हणजे ज्या कंदापासून आपला उपासाचा साबुदाणा बनतो तो.

१९८१ साली आफ्रिकेतील मोझांबिकच्या नाम्पुला प्रांतात मोठा दुष्काळ पडला होता. तिथे धडधाकट बायकांचे आणि मुलांचे पाय अचानक ताठरून लुळे पडू लागले. अकराशेहून अधिक रुग्ण आढळले. आधी पोलिओसारख्या साथीची शंका आली. हान्स रोसलिंग हे स्वीडिश डॉक्टर तेव्हा तिथे काम करत होते. तपासाअंती संशय आला तो रोजच्या जेवणातल्या कडू कसाव्यावर. १९३८ साली काँगोमध्ये ट्रोली या डॉक्टरांनी अशाच आजाराचं वर्णन केलं होतं. तिथे त्याला 'कोंझो', म्हणजे 'बांधलेले पाय', म्हणतात.

आता कारण समजून घ्या. कडू कसाव्यात लिनामारिन असतं. कंद किसला, भिजवला किंवा आंबवला की पेशी फुटतात, कंदातलंच एन्झाइम लिनामारिनवर काम करतं आणि तयार झालेलं सायनाइड उडून जातं. न भिजवता तुकडे नुसते उन्हात टाकले, तर पाणी लवकर आटतं, एन्झाइमचं काम थांबतं आणि बरंच लिनामारिन आतच राहतं. दुष्काळात कंदातलं विष वाढतं. त्यात पोटातल्या भुकेमुळे कंद पुरेसे दिवस वाळवायलाही कोणी थांबू शकत नव्हतं. शरीराला सायनाइड निकामी करायला प्रथिनांतलं गंधक लागतं. डाळ, मासे ताटात नसले की तेही मिळत नाही. कोंझोने पाय एकदा गेले की ते पूर्ववत होत नाहीत.

पुढे ऑस्ट्रेलियातील हॉवर्ड ब्रॅडबरी यांनी साधा उपाय काढला. कसाव्याचं पीठ पाण्यात कालवून पातळ थरात पसरायचं, सावलीत पाच तास किंवा उन्हात दोन तास, आणि मग शिजवायचं. ऊन तेच, पण आधी पाणी लागलं!

तुम्ही साबुदाण्याची भीती बाळगू नका. तो करताना कंद सोलून, वाटून, भरपूर पाण्यात धुऊन घेतात, त्यामुळे विष जवळजवळ निघून जातं. मात्र ताजा कसावा आणलात तर तो कच्चा खाऊ नका. साल काढून तुकडे करा, भरपूर पाण्यात उकडा आणि ते पाणी फेकून द्या. ऊन पदार्थ वाळवतं. प्रत्येक विष काढतंच असं नाही.