केसपेपर कोणाचा?

आमच्या उपनगरांतल्या बहुतेक घरांत कपाटाच्या वरच्या खणात एक पिशवी असते. रक्ताचे रिपोर्ट, एक्सरे, घडीवर फाटलेल्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, सगळे तिच्यात कोंबलेले. घाटकोपरच्या राजावाडीत जायचे असो की पार्ल्याच्या कूपरमध्ये, ही पिशवी काखोटीला मारूनच माणूस घराबाहेर पडतो. पण पूर्वी तिच्यात एक गोष्ट सहसा नसे. रुग्णालयात दाखल असतानाचा केसपेपर! रोज कोणते औषध दिले, ताप किती होता, भूल कोणी दिली, या नोंदी रेकॉर्ड रूममध्ये जात. घरी येई ते डिस्चार्ज कार्ड. बाकीचे मागितले तर ‘ते गोपनीय असते’ असे उत्तर मिळे. ज्याच्या पोटावर शस्त्रक्रिया झाली, त्याच्यापासूनच गुप्त!

नोव्हेंबर १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली आणली. तक्रारीचा दरवाजा उघडला. पण हातात कागदच नसतील तर तक्रार सिद्ध कशी करायची? त्याचे उत्तर मुंबईतच मिळाले. रघुनाथ रहेजा विरुद्ध महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल या खटल्यात १९९६ साली मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले की, रुग्णाने किंवा त्याच्या जवळच्या नातेवाइकाने मागितल्यास वाजवी खर्च घेऊन केसपेपरच्या प्रती द्यायलाच हव्यात. रुग्णापुढे गुप्ततेची सबब चालणार नाही. कौन्सिलने डॉक्टरांना आणि रुग्णालयांना तशा सूचना द्याव्यात, असेही न्यायालयाने म्हटले.

पुढे २००२ मध्ये भारतीय वैद्यक परिषदेच्या आचारनियमांत हे देशभरासाठी आले. मागणी आल्यापासून ७२ तासांत कागद द्यायचे, दाखल रुग्णाच्या नोंदी तीन वर्षे जपायच्या. तीन वर्षे! मधुमेह माणसाला तीस-तीस वर्षे सोबत करतो. त्या मानाने आपली पिशवीच टिकाऊ म्हणायची. नोंदी चटकन सापडाव्यात म्हणून त्या संगणकावर आणण्याचा प्रयत्न करावा, असेही एक वाक्य त्या नियमांत होते. तेव्हा ते फारसे कुणाच्या लक्षात आले नसावे.

अमेरिकेत २०१० मध्ये बोस्टनसह तीन ठिकाणी शंभरावर डॉक्टरांनी आपली टिपणे रुग्णांना इंटरनेटवर वाचू दिली. रुग्ण घाबरतील, फोन करून भंडावून सोडतील, अशी धास्ती होती. वर्षभरानंतर जवळजवळ सगळ्याच रुग्णांना ही सोय पुढेही हवी होती आणि एकाही डॉक्टरने ती बंद केली नाही.

आपल्याकडे २७ सप्टेंबर २०२१ रोजी आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झाले. चौदा आकडी ‘आभा’ क्रमांक घ्यायचा. तो ऐच्छिक आहे. नोंदी जिथे तयार झाल्या तिथेच राहतात आणि रुग्णाने संमती दिली तरच दुसऱ्या डॉक्टरला दिसतात. कोणत्या काळातल्या नोंदी, कशासाठी, किती तारखेपर्यंत, हे मोबाइलवर ठरवता येते. दिलेली संमती मागेही घेता येते. १९९६ मध्ये प्रश्न होता कागद मिळण्याचा. आता त्यापुढचा आहे, तो दुसऱ्या कुणाला दाखवायचा याचा.

अंधेरीला राहणाऱ्या माझ्या मावशीचे ‘आभा’ खाते मीच उघडून दिले. तिला चष्म्यातूनही ती बारीक अक्षरे दिसत नाहीत, म्हणून मोबाइल नंबर माझा दिला. साहजिकच ओटीपी माझ्याकडे येतो. एका दवाखान्याने नोंदी बघण्याची परवानगी मागितली, तेव्हा मी गाडीत उभा होतो. बटण दाबले आणि विसरलो. रविवारी तिच्याकडे गेल्यावर सहज बोललो. ती पिशवीतले कागद लावत बसली होती.

“कुणाला दाखवलेस रे?” तिने विचारले. “आणि सगळेच दाखवलेस?”

मला सांगता येईना. मग मोबाइल काढला आणि तिच्याशेजारी बसून ती बारीक अक्षरे मोठ्याने वाचायला लागलो.