आधी रिकामा गोल, मग माणूस

मानवाने चंद्रावर पहिले पाऊल ठेवले तो जुलै १९६९ आपल्या घरांतील शाळकरी मुलांनाही तोंडपाठ असतो. परंतु त्याच्या नऊ वर्षे आधी, २३ जानेवारी १९६० रोजी, दोन माणसे पृथ्वीवरील सर्वांत खोल समुद्रतळाला जाऊन सुखरूप परत आली, हे फार थोड्यांच्या ध्यानी असते. आणि ज्या चाचण्यांमुळे ती परत आली, त्यांची आठवण तर कोणीच काढीत नाही. माणूस आत न बसवता खाली सोडलेल्या रिकाम्या पोलादी गोलांच्या या चाचण्या होत्या. सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेच्या या पानांवर आम्हांला त्या रिकाम्या गोलांची कथा सांगावयाची आहे.

समुद्रात दर दहा मीटर खाली गेले की पाण्याचा दाब दर चौरस सेंटिमीटरमागे सुमारे एक किलोने वाढतो. सहा हजार मीटरांवर नखाएवढ्या जागेवर सहाशे किलोंचा भार पडतो. अशा ठिकाणी गोल हाच आकार विश्वासाचा. कारण त्यावर दाब सर्व बाजूंनी सारखा वाटला जातो. परंतु त्या गोलाला दार हवे, खिडकी हवी, तारा आत नेण्यासाठी छिद्रे हवीत. आणि नेमका तेथेच घात होतो. कागदावरचे गणित बिनचूक असले तरी सांधा कसा बसला आहे, हे समुद्रच सांगतो.

याचा पहिला मोठा धडा मिळाला तो अटलांटिक महासागरातील बर्म्युडा बेटांजवळ. विल्यम बीब हे अमेरिकन निसर्गशास्त्रज्ञ आणि ओटिस बार्टन हे अभियंते यांनी १९३० मध्ये ‘बॅथिस्फिअर’ नावाचा पोलादी गोल समुद्रात उतरविला. आतबाहेर मिळून त्याचा व्यास पाच फुटांहूनही कमी. दोघांनी अंग चोरून बसायचे, वितळवून घडविलेल्या क्वार्ट्झच्या जाड खिडकीतून पाहायचे आणि दिसेल ते दूरध्वनीवरून वर कळवायचे. सारा भरवसा वरच्या जहाजातून सोडलेल्या एका पोलादी दोरावर.

१९३२ मध्ये नवी खिडकी बसविल्यावर त्यांनी गोल प्रथम रिकामाच सुमारे तीन हजार फूट खाली सोडला. तो वर आला तेव्हा पाण्याने भरलेला होता. झाकणावरचा मधला बोल्ट सैल करताच आतील कोंडलेल्या दाबाने तो तोफगोळ्यासारखा जहाजाच्या फळीवरून उडाला आणि त्यामागून पाण्याचा लोट सुटला. त्या वेळी आत दोन माणसे असती तर काय झाले असते, हे निराळे सांगावयास नको. बीब आणि बार्टन यांनी दोष दूर केला आणि नंतरच स्वतः खाली गेले. पुढे १५ ऑगस्ट १९३४ रोजी त्यांनी ३,०२८ फूट खोली गाठली. इतिहासाने हा आकडा जपून ठेवला. आमच्या मते त्याच तोलाची नोंद त्या पाण्याने भरलेल्या गोलाची आहे.

दोराला बांधलेल्या गोलाची मर्यादा मात्र उघड होती. दोर जितका लांब तितके त्याचेच ओझे अधिक, आणि तो तुटला की सारेच संपले. ही अडचण सोडविली ती ओग्युस्त पिकार या स्विस पदार्थवैज्ञानिकांनी. १९३१ मध्ये बलूनमधून पंधरा हजार मीटरांहून अधिक उंच गेलेले हे गृहस्थ. बलूनचीच कल्पना त्यांनी उलटी करून समुद्रात नेली. हायड्रोजनच्या जागी पाण्याहून हलके पेट्रोल भरलेली मोठी टाकी, तिच्याखाली माणसांचा पोलादी गोल, आणि बुडण्यासाठी लोखंडाचे वजन. हे वजन विद्युतचुंबकाने धरून ठेवलेले. वीज गेली की ते आपोआप गळून पडावे आणि यान वर यावे, अशी योजना. बिघाड झालाच तर त्याने माणसाला वरच आणावे, या विचारातले शहाणपण आम्हांला फार मोलाचे वाटते.

या ‘बॅथिस्कॅफ’ यानाची पहिली चाचणी १९४८ च्या अखेरीस आफ्रिकेच्या पश्चिमेस केप व्हर्दे बेटांजवळ झाली. आधी पिकार आणि फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ तेओदोर मोनो हे अवघे पंचवीस मीटर खाली जाऊन आले. त्यानंतर यान माणसांविना सुमारे १,३८० मीटर खाली गेले आणि आपण होऊन वर आले. गोल शाबूत होता. परंतु पृष्ठभागावरच्या लाटांनी पेट्रोलच्या पातळ टाकीची पार दुर्दशा केली आणि आतील पेट्रोल समुद्रात सोडून द्यावे लागले. सकृद्दर्शनी ही फजितीच. वस्तुतः त्या एका चाचणीने दोन प्रश्नांची उत्तरे दिली होती. खोल पाण्याचा दाब या यानाला पेलतो; वरच्या लाटा मात्र पेलत नाहीत. पुढच्या यानांची टाकी त्यामुळे जहाजाच्या सांगाड्यासारखी भक्कम करण्यात आली.

त्यांपैकी ‘त्रिएस्ते’ हे यान १९५३ मध्ये इटलीत सिद्ध झाले. त्याच वर्षी सप्टेंबरात एकोणसत्तर वर्षांचे ओग्युस्त पिकार आपले चिरंजीव झाक यांच्यासह त्यातून ३,१५० मीटर खाली गेले. १९५८ मध्ये अमेरिकन नौदलाने ते विकत घेतले. तरीही एकदम तळ गाठण्याचा हट्ट कोणी धरला नाही. ग्वाम बेटाजवळ आधी पाच हजारांहून अधिक, मग सात हजारांहून अधिक मीटर, अशा पायऱ्या घेतल्यावरच झाक पिकार आणि नौदलाचे लेफ्टनंट डॉन वॉल्श ‘चॅलेंजर डीप’कडे निघाले. सुमारे नऊ हजार मीटरांवर प्रवेशमार्गातील बाहेरच्या खिडकीला तडा गेल्याचा मोठा आवाज झाला. मुख्य गोल अभंग होता. पावणेपाच तासांनी ते जवळजवळ अकरा किलोमीटर खोल तळावर टेकले, वीस मिनिटे थांबले आणि परत फिरले.

चाचणी घेणे हे अर्धेच काम. तिचे म्हणणे ऐकणे हे उरलेले अर्धे. जून २०२३ मध्ये ‘टायटॅनिक’चे अवशेष पाहावयास निघालेले ‘टायटन’ हे यान अटलांटिकमध्ये दाबाखाली चिरडले जाऊन पाच जणांना जलसमाधी मिळाली. त्याचा मुख्य भाग पोलादी गोल नव्हता. कार्बनच्या तंतूंचे थर गुंडाळून केलेले ते नळकांडे होते. कोणत्याही स्वतंत्र संस्थेचे प्रमाणपत्र त्याला नव्हते. आदल्याच वर्षी एका फेरीच्या शेवटी मोठा धमाका ऐकू आला होता आणि यानावरच्या उपकरणांनीही बदल नोंदविला होता. तरीही ते पुन्हा खाली गेले. अमेरिकन तटरक्षक दलाच्या २०२५ मधील चौकशी अहवालाने ही दुर्घटना टाळता येण्याजोगी होती, असा निष्कर्ष काढला. बीब यांच्या बोल्टने जे सांगितले तेच या धमाक्यानेही सांगितले होते; फरक ऐकणाऱ्यांत होता.

आपल्या देशाचा या विद्येशी संबंध गोव्यातून सुरू होतो. दोनापावल येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या ‘गवेषणी’ या जहाजाने २६ जानेवारी १९८१ रोजी समुद्रतळावरून मँगॅनीज, निकेल, तांबे व कोबाल्ट असलेले गोटे प्रथम वर आणले. १९८७ मध्ये मध्य हिंदी महासागरात अशा गोट्यांच्या शोधासाठी भारताला क्षेत्र मिळाले. ते गोटे पाच-सहा हजार मीटरांवर आहेत. तेथे पोहोचावयाचे तर यंत्रेही तशीच हवीत. चेन्नईच्या राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेने प्रथम माणसाविना चालणारे ‘रोसब ६०००’ हे यान २०१० मध्ये ५,२८९ मीटरांपर्यंत उतरविले. ऑक्टोबर २०२१ मध्ये माणसांसाठी घडविलेला पोलादी गोल बंगालच्या उपसागरात सहाशे मीटरांपर्यंत नेऊन तपासला. अर्थात रिकामाच!

तीन माणसांना सहा हजार मीटर खाली नेण्याच्या उद्दिष्टाने आखलेल्या ‘मत्स्य ६०००’ या यानाचा गोल टायटॅनियमच्या मिश्रधातूचा, सव्वादोन हात नव्हे तर सव्वादोन मीटरांहून किंचित कमी, म्हणजे २.१ मीटर व्यासाचा. २०२५ च्या आरंभी चेन्नईजवळच्या कट्टुपल्ली बंदराच्या उथळ पाण्यात त्याच्या चाचण्या झाल्या. काही माणसांविना, काही माणसांसह. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दोन भारतीय जलयात्री ‘नॉटिल’ या फ्रेंच यानातून अटलांटिकमध्ये उतरले. एक चार हजारांहून, तर दुसरा पाच हजारांहून अधिक मीटर खाली गेला.

सहा हजार मीटरांचे स्वप्न पाहणाऱ्यांनी बंदरातल्या पाण्यात डुबक्या माराव्यात, याचे कोणास हसू येईल. आम्हांस त्यात पिकारांचे ते पंचवीस मीटर दिसतात. आपल्या मंडळातील अनेक घरांतून आज मुले-मुली यंत्रशाळांत आणि प्रयोगशाळांत काम करतात. चाचणी फसली, तारीख पुढे गेली, असे खालमानेने सांगत त्यांपैकी कोणी एखाद्या संध्याकाळी घरी येईल, तेव्हा वडीलधाऱ्यांनी त्याला अपयश म्हणू नये. गोल पाण्याने भरून आला, पण आत कोणी नव्हते, एवढे त्याला सांगावे.