चुकीला कुलूप घालणारी केबिन

ब्रिटनमध्ये रेल्वे नवी होती तेव्हा सिग्नल म्हणजे रुळांकडेला उभा असलेला माणूस. कंपनीने नेमलेले पोलीस दिवसा हाताने किंवा झेंडीने आणि रात्री दिव्याने गाड्यांना इशारे देत. एक गाडी गेली की ठरावीक मिनिटे थांबायचे आणि मग दुसरी सोडायची, हा नियम. पुढची गाडी वाटेत बंद पडली, तरी मागच्या पोलिसाला ते कळायला मार्ग नव्हता.

1840 च्या दशकाच्या सुरुवातीला चार्ल्स हटन ग्रेगरी या अभियंत्याने लंडनच्या न्यू क्रॉस इथे उंच खांबावर हलणारा हात बसवला. थोड्याच काळात ब्रिकलेयर्स आर्म्स जंक्शनवर त्याने सिग्नल चालवण्याची यंत्रणा एका चौथऱ्यावर एकत्र आणली. सिग्नल केबिनचे मूळ या उघड्या चौथऱ्यात आहे. मात्र गाडीला एका रुळावरून दुसऱ्या रुळावर वळवणारे सांधे वेगळ्या दांड्यांनी हलत. त्यामुळे सांधा एका रुळाकडे वळलेला आणि सिग्नल दुसऱ्याच मार्गाचा दिलेला, असे घडू शकत होते.

यावर तोड काढली जॉन सॅक्सबी या रेल्वेतल्या सुताराने. सांधे आणि सिग्नल एकमेकांशी जोडणाऱ्या यंत्रणेचे पेटंट त्याने 1856 मध्ये घेतले. पुढे इतरांनीही तिच्यात भर घातली. सॅक्सबीने 1862 मध्ये जॉन फार्मरबरोबर कंपनी काढली आणि त्यांच्या कारखान्यातली यंत्रे दूरदूरच्या रेल्वेवर पोचली. या यंत्रणेला इंटरलॉकिंग म्हणतात. सांधे आणि सिग्नल हलवणाऱ्या लिव्हरांच्या रांगेखाली, केबिनच्या तळमजल्यावर, खाचा असलेल्या लोखंडी पट्ट्या एकमेकींत अडकतात. सांधा नीट लागल्याशिवाय त्या मार्गाचा सिग्नल पडत नाही आणि सिग्नल पडलेला असताना सांधा हलत नाही. माणसाने कितीही जोर लावला तरी चुकीचा लिव्हर जागचा हलत नाही. केबिनचा खरा प्राण या पट्ट्यांत आहे.

पण दोन गाड्यांमध्ये सुरक्षित अंतर ठेवण्याचा प्रश्न उरलाच होता. 25 ऑगस्ट 1861 रोजी ब्रायटनजवळच्या क्लेटन बोगद्यात एका गाडीवर मागून दुसरी आदळली आणि 23 माणसे मेली. बोगद्याच्या दोन्ही टोकांना तारयंत्र होते, पण ‘बोगदा मोकळा’ हा संदेश नेमक्या कोणत्या गाडीबद्दल, यात घोटाळा झाला. तिथला सिग्नलवाला त्या दिवशी सलग 24 तासांच्या पाळीवर होता. पुढे 12 जून 1889 रोजी आयर्लंडमध्ये आर्मा इथे चढावर अडकलेल्या सहलीच्या गाडीचे डबे सोडवून ठेवले होते. ते मागे घसरले आणि वेळेचे अंतर राखून सोडलेल्या दुसऱ्या गाडीवर आदळले. सुमारे 80 माणसे मेली. त्यांत पुष्कळ मुले होती. त्याच वर्षी संसदेने कायदा केला. प्रवासी मार्गांवर एका टप्प्यात एकच गाडी, इंटरलॉकिंग आणि सर्व डब्यांना एकत्र लागणारे ब्रेक हे सक्तीचे झाले.

एव्हाना केबिन जागोजागी दिसू लागल्या होत्या. सांधे लोखंडी दांड्यांनी आणि सिग्नल तारांनी हलत असल्याने एका केबिनची पोच मर्यादित असे. मोठ्या स्थानकाला म्हणूनच अनेक केबिन लागत. रूळ दिसावेत म्हणून मजला उंच आणि भिंतींना काचाच काचा. थांब्याच्या सिग्नलचे लिव्हर लाल, दूरच्या इशाऱ्याचे पिवळे, सांध्यांचे काळे. शेजारच्या केबिनशी घंटेने बोलायचे: जलद प्रवासी गाडी घेता का, असे विचारायला चार ठोके आणि गाडी आत आली हे सांगायला दोन. प्रत्येक ठोक्याची नोंद वहीत वेळेसकट करायची. हातांच्या घामाने लिव्हरची मूठ गंजू नये म्हणून फडके वापरायची शिस्त होती. आपल्याकडच्या स्थानकांजवळ दिसणाऱ्या केबिनही याच कुळातल्या.

पुढे रुळांतल्या विजेच्या मंडलांनी गाडी कुठे आहे ते आपोआप कळू लागले आणि एकाच नियंत्रण केंद्रातून लांबलांबचे मार्ग चालवता येऊ लागले. ब्रिटनमधल्या हजारो केबिन पाडल्या गेल्या. 2010 च्या दशकाच्या सुरुवातीला 500 हूनही कमी वापरात उरल्या होत्या. मग 2013 मध्ये आणखी 26 केबिनना वारसा इमारतींचा दर्जा देण्यात आला. त्यांत श्रूजबरीची सेव्हर्न ब्रिज जंक्शन केबिन आहे. 1903 च्या या केबिनमध्ये 180 लिव्हर असून लिव्हरांवर चालणाऱ्या उरलेल्या केबिनांत ती जगातली सर्वांत मोठी मानली जाते. सेंट ऑल्बन्सची 1892 ची केबिन 1979 मध्ये बंद पडली. स्वयंसेवकांनी ती दुरुस्त केली आणि आता तिथे येणाऱ्यांना लिव्हर ओढून पाहता येतात.

जतनाची ही दुसरी तऱ्हा मला मोलाची वाटते. नुसती वास्तू राखली तर रंगीत खिडक्यांचे देखणे घर उरेल. तळमजल्यावरच्या पट्ट्या हलत्या राहिल्या, तर शाळकरी मुलालाही चुकीचा लिव्हर ओढून तो अडलेला हाताला जाणवेल. आर्माच्या मुलांचे प्राण गेल्यावर कायद्याने जे सक्तीचे केले, ते त्या एका अडण्यात आहे. म्हणून केबिन वाचवताना पहिला पैसा तळमजल्यावर खर्च व्हावा आणि लिव्हर ओढणाऱ्या हातांचे ज्ञान पुढच्यांना शिकवले जावे.