यंत्राचें वळण आणि हाताचें वळण

संगणकावर नित्य लेखन करणाऱ्या मंडळींच्या मेजावर हल्लीं मधोमध दुभागलेला कळफलक दिसूं लागला आहे. तो प्रथमच घेऊं पाहणाऱ्यापुढें इतके प्रकार येतात कीं त्याची मति गुंग व्हावी. अशा वेळीं बाजारापेक्षां इतिहासास विचारणें अधिक हितावह होय, असें आम्हांस वाटतें.

आपण जो कळफलक वापरतों त्याची घडण हाताच्या सोयीनें झालेली नाहीं. अमेरिकेंतील मिलवॉकी येथील क्रिस्टोफर लॅथम शोल्स व त्याचे सहकारी यांनीं सिद्ध केलेलें टंकलेखनयंत्र रेमिंग्टन कंपनीनें १८७४ सालीं विक्रीस काढलें. त्यांत प्रत्येक कळेपासून एक दांडी मागें जात असे. या दांड्या एकमेकींस अडूं नयेत म्हणून कळांची प्रत्येक ओळ किंचित् बाजूस सरकवावी लागली. दांड्या केव्हांच गेल्या. तिरकसपणा मात्र जुन्या वतनासारखा चालत आला आहे.

या मांडणीपायीं हाताला काय सोसावें लागतें, हें जर्मनींतील क्लोकेनबर्ग यानें १९२६ सालच्या आपल्या ग्रंथांत दाखविलें. दोन्ही हात छातीपुढें एका अरुंद ओळीवर आणले म्हणजे मनगटें करंगळीच्या बाजूस वळतात, आणि तळवे पालथे ठेवण्यासाठीं कोपरापुढील हात पिळला जातो. यास्तव कळफलकाचे दोन भाग करून ते बाहेरच्या अंगास उतरते ठेवावे, असें त्यानें सुचविलें. पुढें कार्ल क्रोमर यानें हाच विचार प्रयोगांनीं तपासला आणि अशा रचनेनें स्नायूंवरील ताण हलका करितां येतो, असें १९७२ सालीं प्रतिपादिलें.

विचार खरा असूनहि त्याचा प्रसार इतक्या सावकाश कां झाला? त्याच दशकांत इंग्लंडांत लिलियन माल्ट व स्टीफन हॉबडे यांनीं ‘माल्ट्रॉन’ नांवाचा कळफलक निर्माण केला. त्यांत बोटांच्या लांबीस अनुसरून खोलगट रचना होती, आंगठ्यांसाठीं निराळ्या कळा होत्या, आणि अक्षरांची मांडणीहि नवी होती. इंग्रजींत वारंवार येणारें ‘ई’ हें अक्षर डाव्या आंगठ्याखालीं आलें. एवढी क्रांति थोड्यांनाच मानवली. उलट १९९४ सालीं मायक्रोसॉफ्टनें काढलेल्या ‘नॅचरल’ कळफलकांत अक्षरें जुन्याच जागीं होतीं. केवळ मधें फट व कोन होता. तो पुष्कळ कचेऱ्यांत पोंचला. संवयीचें मोल ज्यानें ओळखलें, त्याचीच सुधारणा लोकांनीं पत्करली!

मात्र भलती आशा धरूं नये. १९९७ सालीं अमेरिकेंतील व्यावसायिक सुरक्षितता व आरोग्य या विषयाच्या राष्ट्रीय संस्थेनें, अशा कळफलकांनीं दुखणीं टळतात याचा निर्णायक पुरावा नाहीं, असें स्पष्ट सांगितलें. मनगट सरळ राहतें, हा लाभ खरा. पण कळफलक म्हणजे औषध नव्हे. ज्याचा हात दुखत आहे त्यानें आधीं वैद्यास दाखवावा.

तेव्हां पहिल्या खेपेस एकच बदल करावा. अक्षरें जुन्या जागीं असूं द्यावीं. दोन भाग सुटे, खांद्यांच्या अंतरानें ठेवतां येणारे, व आंतली कड हळूहळू उंचावतां येईल असे घ्यावे. उभ्या सरळ रांगा, मोजक्याच कळा, आंगठ्यांचे पुंजके, हे सारें दुसऱ्या खेपेसाठीं राखावें. इंग्रजी ‘बी’ आपण कोणत्या हातानें दाबतों, हेंहि आधीं पाहावें. कित्येक जण तें उजव्या हातानें दाबतात, आणि दुभागणींत तें बहुधा डाव्या भागांत जातें.

मराठी लिहिणाऱ्यास तर ही दुभागणी परकी नाहीं. भारत सरकारनें १९८६ सालीं प्रमाण ठरविलेल्या इनस्क्रिप्ट मांडणींत स्वर डाव्या हातीं व बहुतेक व्यंजनें उजव्या हातीं दिलेलीं आहेत. खालच्या ओळींतील म, न आणि व हीं मात्र डावीकडे राहतात. ही मांडणी ज्याच्या बोटांत बसली आहे, त्याचे हात आधींच वेगळे काम करीत आले आहेत. त्यांना आतां वेगळी जागा द्यावयाची, इतकेंच.